दवबिंदूचं पाद्यपूजन

बी स्वतःला मातीत गाडून घेतं, तेव्हाच वृक्ष उभा राहतो.

हे वाक्य माझं आहे. मूळ कुणाचं ते मला ठाऊक नाही, पण अंबाजोगाईत आणि आसपासच्या तालुक्यांत ते माझ्याच खात्यावर जमा आहे. मी मराठीचा प्राध्यापक होतो. शिकवून किती झालं कोण जाणे, मानपत्रं मात्र पुष्कळ लिहून झाली. कुणी मुख्याध्यापक निवृत्त झाले, कुणा सरपंचांची एकसष्टी आली, की माणूस घरी येई आणि म्हणे, "सर, चार ओळी द्या." त्या चार ओळींत हे बी ठरलेलं. ते ऐकलं की सत्कारमूर्ती मान खाली घालत आणि घरची माणसं डोळे पुसत. ज्यांनी हयातीत स्वतःला खुर्चीवरून हलवलं नव्हतं, त्यांनाही ते वाक्य मापात बसे.

माझ्या बायकोला ते कधीच पटलं नाही. ती धारूरच्या बाजूला एका गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायची. "सगळीच बियाणं गाडून घेत नाहीत," ती म्हणे. "काही गाडली तर मरतात." मी म्हणे, सत्कारात अपवाद सांगायचे नसतात. हा वाद आमच्याकडे बरीच वर्षं चहाबरोबर चालला. मग ती निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी पावसाळ्यात सातवीतल्या एका मुलीने तिला एक प्रश्न विचारला आणि वाद माझ्या विरुद्ध निकाली निघाला.

धडा होता कीटकभक्षी वनस्पतींचा. शाळेत त्याचा एक तक्ता होता. बहुधा शाळेबरोबरच आलेला, कडेला वाळवीने खाल्लेला. त्यात दवबिंदू नावाच्या वनस्पतीचं चित्र होतं: वाटोळी पानं, पानांवर उभे केस, केसांच्या टोकाला थेंब. छपाईत थेंब पुसट झाले होते, त्यामुळे झाड कंगव्यासारखं दिसे. मुलं पिढ्यान् पिढ्या तो कंगवा काढत आली होती. एकदा तर वडील आणि मुलगा दोघांनीही हिच्याच हाताखाली तोच कंगवा काढला होता.

त्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, तुमी पाह्यलंय का हे झाड?"

"नाही," ही म्हणाली.

"मग खरं कशावरून?"

वर्ग हसला. मुलगी हसली नाही. तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊस तोडायला जात, आणि मुकादमापासून सगळ्यांनी सांगितलेल्या गोष्टी तपासून घ्यायची सवय तिला घरूनच लागली असावी.

संध्याकाळी लसूण सोलता सोलता हिने मला हे सांगितलं. मी विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? नाही पाहिलं तर नाही पाहिलं."

मी स्वतः उभं आयुष्य न पाहिलेल्या गोष्टींवर व्याख्यानं दिली आहेत. अध्यात्मावरसुद्धा दिली आहेत. वर्गात उभं राहून 'नाही' म्हणणारी शिक्षिका माझ्या पाहण्यात ही एकच, आणि ती माझ्याच स्वयंपाकघरात होती. तिने माझ्याकडे लसणाची अर्धी गड्डी सरकवली आणि म्हणाली, "रिटायर व्हायच्या आत त्या वर्गाला ते झाड दाखवायचं. जिवंत. पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या आधी. ती दिवाळी झाली की निम्मा वर्ग उसाला जातो आणि मीही जाते."

ती शिकवते त्या मुलखात दवबिंदू उगवणं म्हणजे काय, हे आधी सांगितलं पाहिजे. हे झाड कोकणातल्या कातळावर पावसाळ्यात उगवतं. त्याला जमीन भिकार लागते. इतकी भिकार, की मुळांना पोटापुरतं काही मिळू नये. म्हणून तर ते किडे धरून खातं. चांगली माती दिली तर ते मरतं, खत दिलं तर लवकर मरतं, आणि क्षाराचं पाणी दिलं तर काही विचारू नका. आमच्याकडे माती काळी, कसदार. पाणी बोअरचं, आणि त्यात क्षार एवढे की चहाच्या पातेल्याला आतून चुन्याचा थर बसतो. थोडक्यात, आपल्या जिल्ह्यात जे चांगलं आहे तेही त्या झाडाला विष आणि जे वाईट आहे तेही विषच.

हिचा एक जुना विद्यार्थी रत्नागिरीकडे नोकरीला होता. त्याला हिने फोन केला. हिवाळ्यात त्याने कातळावरच्या वाळलेल्या झाडांचं बी गोळा केलं आणि कागदाच्या पुडीत घालून पाठवलं. पुडी आली तेव्हा माझे मेहुणे, म्हणजे हिचे धाकटे भाऊ, पाटोद्याहून आलेले होते. त्यांची बागायती आहे, तालुक्याच्या राजकारणात ऊठबस आहे, आणि कोणत्याही गोष्टीत सल्ला देताना त्यांना ती गोष्ट माहीत असावी लागत नाही. मनाने माणूस सोन्यासारखा.

हिने जेवणाच्या टेबलावर पुडी उघडली. आत काळी भुकटी होती.

"अक्का, हे बी हाय का तपकीर?" मेहुणे वाकून म्हणाले.

"श्वास सोडू नकोस. उडेल."

त्यांनी श्वास रोखला आणि तसेच उभे राहिले. मग मान वळवून, तोंडावर हात धरून म्हणाले, "दाजी, एवढ्याशा बियाचं झाड केवढं व्हतं?"

"रुपयाएवढं," ही म्हणाली.

मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. उसाची कांडी लावणाऱ्या माणसाला बी म्हणजे हातभर असतं. "लई कष्ट घ्यायलीस की गं रुपयासाठी," ते म्हणाले.

पेरायला काय घ्यायचं इथून कामाला सुरुवात झाली. नर्सरीतून कोकोपीट आणलं. नारळाचा तो भुसा हिने पुन्हा पुन्हा धुतला, कारण त्यातही मीठ असतं. मग त्यात मिसळायला वाळू पाहिजे होती. "वाळूचं सोडा माझ्यावर," मेहुणे म्हणाले. आमच्या जिल्ह्यात हे वाक्य जो म्हणू शकतो त्याला फार विचारायचं नसतं. वाळूचं पोतं दुसऱ्याच दिवशी दारात होतं. हिने त्यातली मूठभर वाळू काचेच्या भांड्यात घेतली आणि शाळेतून आणलेलं सौम्य अ‍ॅसिड वर सोडलं. बुडबुडे आले.

"चुना आहे," ही म्हणाली. "चालणार नाही."

"अक्का, ह्या वाळूवर अर्ध्या तालुक्याचे बंगले उभे हायेत. अन् तू नापास केली?"

"बंगल्यांना मुळं नसतात."

शेवटी पाण्याच्या फिल्टरमध्ये घालतात ती पांढरी वाळू दुकानातून आणली. राहिलं पाणी. पावसाला अवकाश होता, म्हणून हिने बॅटरीचं पाणी आणलं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते, डिस्टिल्ड. ते कॅन घेऊन ही गॅरेजमधून पायी घरी आली, तेव्हापासून आमच्या गल्लीत असा समज आहे की मॅडम झाडाला करंट देतात.

पेरणी मी पाहिली. मी म्हणतो पेरणी, पण तिथे पेरण्यासारखं काही घडलं नाही. हिने ओलसर मिश्रण एका सपाट कुंडीत भरलं, हाताने दाबलं, आणि पुडीतलं निम्मं बी कागदाच्या घडीतून टिचकी मारत वर शिंपडलं. बस. माती लोटली नाही, बोटाने खड्डा केला नाही, वरून पाणीही घातलं नाही. कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवली, म्हणजे खालून ओल वर चढेल, आणि वर बिर्याणीच्या पार्सलचं पारदर्शक झाकण लावलं. "याला उजेड लागतो," ही म्हणाली. "झाकलं तर उगवत नाही. असंच उघड्यावर पडून राहतं आणि रुजतं." हे सांगताना तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मानपत्रांचा विषयच निघाला नाही. तिची ही पद्धत मला सगळ्यांत जास्त बोचते.

उरलेलं निम्मं बी तिने पुन्हा पुडीत बांधलं आणि फ्रिजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात ठेवलं. "एकदम सगळं कशाला?" एवढंच म्हणाली. तिच्या आयुष्यात तिने पुष्कळ गोष्टी अर्ध्याच वापरल्या आहेत, आणि त्या अर्ध्यांवर आमचं घर अनेकदा तरलं आहे.

पुढच्या आठवड्यात आम्ही एका लग्नाला गेलो होतो. घराची चावी मेहुण्यांकडे होती. परत आलो तर ते ओट्यावर बसून चहा पीत होते, चेहऱ्यावर मोठं काम उरकल्याचं समाधान.

"अक्का, तुझं बी तसंच उघडं पडलं व्हतं. कावून झाकलं न्हाईस? ते प्लास्टिक उडालं असतं तर चिमण्यांनी खाल्लं असतं. मी झाकलं."

ही तशीच कुंडीपाशी गेली. बिर्याणीचं झाकण धुऊन बाजूला वाळत ठेवलेलं होतं. कुंडीवर बोटभर काळी माती होती, नीट चाळलेली, मऊ. मेहुण्यांनी ती स्वतःच्या शेतातून आणली होती. "गाळाची माती हाय," ते कौतुकाने म्हणाले. "अन् चिमूटभर डीएपी टाकलंय. उपाशी लेकरू कुठं वाढतंय का?"

मला हसू येत होतं आणि ते दाबणं भाग होतं, कारण हिचा चेहरा मी पाहिला होता. ती रागावली असती तर बरं झालं असतं. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाने उघड्यावर पडलेलं बी पाहिलं, तर तो ते झाकणारच. त्याच्या बापाने आणि बापाच्या बापाने जे शिकवलं, ते त्याने मनापासून केलं होतं. त्यात चूक एवढीच, की हे बी त्यांच्यापैकी कुणालाच भेटलं नव्हतं.

"चांगलं केलंस," ही म्हणाली. "पण हे बी वेगळं आहे. आता नाही उगवायचं."

मग तिने त्यांना समजावलं. शाळेत मुलांना समजावते तसंच, एक एक पायरी, आवाज न चढवता: गरीब जमीन, पोटासाठी किडे, झाकलं तर मरण, खताचं विष. मेहुण्यांच्या हातातला चहा गार झाला.

"म्हंजी मी मारलं."

"निम्मं आहे अजून."

"तुला पोरांना दाखवायचं व्हतं ना हे? रिटायर व्हायच्या आत?"

"हो."

ते उठले, चपला घातल्या आणि न जेवता गेले. बहिणीच्या घरून हा माणूस न जेवता गेल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

उन्हाळा आमच्याकडे कसा असतो ते सांगण्यात अर्थ नाही. ते उरलेलं बी फ्रिजमध्येच राहिलं. पाऊस येऊन दोनचारदा पडून गेल्यावर, हवेत जरा ओल धरल्यावर हिने दुसऱ्यांदा सगळा तोच खटाटोप केला. यावेळी मागे ठेवायला काही नव्हतं. पुडीचा कागद तिने कुंडीवर उलटा धरून झटकला, मग नखाने खरवडला.

आणि एका सकाळी दारात जीप थांबली. मेहुणे उतरले. मागे झाकणाचे प्लास्टिकचे ड्रम होते, नवे.

"पाणी हाय," ते म्हणाले. "पावसाचं. नव्या पत्र्याच्या शेडवरून धरलंय. पहिली सर वाहून जाऊ दिली, धूळ असती म्हणून. मग धरलं. कुणाला हात लावू दिला न्हाई."

हिने शाळेतलं पेनसारखं यंत्र आणून त्या पाण्यात बुडवलं. पाण्यातले क्षार सांगणारं. आकडा पाहून तिने भावाकडे पाहिलं.

"बॅटरीच्या पाण्यासारखं आहे."

"मग? म्या काय बोअरचं आणीन व्हय?"

ते जेवले. दोनदा वाढून घेतलं.

वाट पाहणं हा प्रकार माझ्या बायकोइतका नीट कुणी करत नाही, असं माझं मत आहे. मी रोज सकाळी झाकणातून डोकावत असे आणि काही नाही म्हणून निराश होत असे. ती तिकडे फिरकत नसे. ताटलीत पाणी आहे ना, एवढं पाहायची आणि एसटी गाठायची. एका रविवारी तिने झाकण काढलं, भिंग घेतलं, आणि बराच वेळ वाकून राहिली. मग मला भिंग दिलं. मला काही दिसेना. टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान असे हिरवे ठिपके, इकडे तिकडे. शेवाळ असेल असं मला वाटलं आणि मी तसं म्हणालोही.

"आठ-दहा दिवस थांबा," ती म्हणाली.

थांबलो. मग पुन्हा भिंगातून पाहिलं. हिरव्या ठिपक्याला एक पान आलं होतं, खसखशीएवढं. त्या पानाला लाल केस होते. आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक थेंब.

मी साहित्याचा माणूस आहे, दवावर लिहिलेल्या ओळी मी ढिगाने शिकवल्या आहेत. दवाला मोती, अश्रू आणि हिरे म्हटलेलं मी वर्गात खपवलं आहे. हा थेंब त्यांतला कुठलाही नव्हता. तो चिकट होता आणि त्याचा हेतू जेवणाचा होता. एवढं लहान, नुकतं जन्मलेलं, कुणी गाडलं नाही, कुणी खाऊ घातलं नाही, आणि ते तोंडं उघडून तयार होतं. मी भिंग परत दिलं. "कसं वाटलं?" तिने विचारलं. मला 'छान' एवढाच शब्द सुचला. मानपत्रांचा अनुभव असा ऐन वेळी कामाला येत नाही.

गणपती बसेपर्यंत रोपांची रुपयाएवढी लाल चक्रं झाली. चिलटं येऊन बसत आणि अडकत. केस हळूहळू चिलटाकडे वाकत. मेहुणे आले की आधी कुंडीकडे जात. "आज काय खाल्लं ह्यानं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. हा माणूस गळ्यात माळ घालणारा, मटणाच्या वासालाही उभा न राहणारा. दवबिंदूला मात्र त्यांनी सूट दिली होती. "त्याची जमीनच तशी. त्याला काय दोष?"

दसऱ्यानंतर हिने मुख्याध्यापकांना सांगितलं की दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गात झाड आणते. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मुख्याध्यापकांनी ते संस्थेच्या अध्यक्षांना सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं, जिल्ह्यात असं झाड दुसरीकडे आहे का? नाही म्हटल्यावर त्यांनी ठरवलं की त्याचं उद्घाटन करायचं, आणि मॅडमचा निरोप समारंभही त्यातच उरकायचा.

फलक लागला. त्यावर अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो, खाली लहान अक्षरात 'मांसाहारी वनस्पतीचा लोकार्पण सोहळा', आणि कोपऱ्यात, झाड म्हणून, कमळाचं चित्र.

आजकाल आमच्याकडे समारंभाची सुरुवात रोपाला पाणी घालून करतात. दीपप्रज्वलनापेक्षा ते आधुनिक समजलं जातं. व्यासपीठावर कुंडी असते, तांब्याचा कलश असतो, आणि मान्यवर एकेक करून कलश रिकामा करतात. रोप कुठलं आहे याच्याशी कुणाला कर्तव्य नसतं. समारंभानंतर ते रोप कुठे जातं, हेही मी कधी ऐकलं नाही.

हिला हे आदल्या दिवशी कळलं. त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा घाबरलेली मला दिसली. "वरून धार धरली तर ती चिकट पानं धुऊन निघतील," ती म्हणाली. "रोपंच उपटून वाहतील. आणि कलशात शाळेच्या बोअरचं पाणी."

"सांग त्यांना, पाणी घालू नका म्हणून."

"अध्यक्षांना? स्टेजवर?"

ते तर खरंच होतं. आमच्या मुलखात मान्यवराच्या हातातून कलश काढून घेणं हा गुन्हा फाशीच्या जरा खाली येतो. तिने भावाला फोन लावला.

सकाळी मेहुणे शाळेत आमच्या आधी पोचले होते. पांढरे कपडे, अध्यक्षांच्या जवळची खुर्ची. व्यासपीठावरचा कलश त्यांनी स्वतःच्या हाताने, सगळ्यांच्या देखत, आदरपूर्वक आत नेला आणि भरून आणला. जाताना माझ्या कानाशी म्हणाले, "दाजी, आपलं पाणी हाय. वरून घालायचं कसं आडवायचं त्येवढं अक्काला बगू द्या."

कुंडी टेबलावर होती. पहिल्यांदा एक शिक्षिका हळदीकुंकवाचं तबक घेऊन पुढे आली आणि चिमूट उचलून थेट रोपांवर नेली. हिने मधे तळहात धरला आणि चिमूट हलकेच कुंडीच्या काठाकडे वळवली. काठाला हळदकुंकू लागलं. मग अध्यक्ष उठले. कलश उचलला, फोटोवाल्याकडे पाहिलं, आणि धार धरण्यासाठी हात उंच केला.

"साहेब," ही म्हणाली, अगदी नम्रपणे, पण माइकमध्ये. "या झाडाचा मान वेगळा आहे. याच्या डोक्यावर पाणी घालत नाहीत. पाय धुतात."

अध्यक्षांचा हात तसाच वर.

"पाय?"

"हो. खाली ताटलीत. पाहुण्याचे धुतो तसे."

आता पाय धुणं अध्यक्षांना नवीन नव्हतं. गावात महाराज आले, की त्यांचे पाय पहिल्यांदा तेच धूत. त्यांना विधी कळला. त्यांनी मफलर मागे टाकला, वाकले, आणखी वाकले, कारण ताटली टेबलाच्या पातळीला आणि झाड रुपयाएवढं. मग कुंडीच्या बुडाशी, ताटलीत, त्यांनी बारीक धार धरली. "सावकाश, साहेब," मेहुणे खुर्चीवरून म्हणाले. त्यांनी सावकाश धरली. वर्तमानपत्रात आलेल्या फोटोत अध्यक्ष एका ताटलीपुढे नतमस्तक दिसतात. झाड दिसत नाही.

मग भाषण. मानपत्र मी लिहिलं नव्हतं. बायकोचं मानपत्र लिहिणं मला अवघड वाटलं आणि मी नकार दिला होता. शाळेतल्या कुणीतरी जुन्या मानपत्रावरून तयार केलं होतं. अध्यक्षांनी ते वाचायला घेतलं. "मॅडमनी स्वतःला गाडून घेतलं," ते म्हणाले, आणि थांबले, आणि घामेजलेल्या कपाळाने कुंडीकडे बोट दाखवलं. "हे जे बी आहे, हे मातीत गाडून घेतं, म्हणून असा वृक्ष उभा राहतो!"

टाळ्या झाल्या. बायकोने व्यासपीठावरून समोरच्या रांगेतल्या माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्या विषयावर तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या शेजारी मेहुणे जमिनीकडे पाहत होते, आणि त्यांचे खांदे हलत होते.

समारंभ संपला, मान्यवर जेवायला गेले, आणि खरं काम मागच्या वर्गात झालं. हिने कुंडी खिडकीत ठेवली आणि आठवीतली मुलं, म्हणजे आदल्या वर्षीची सातवी, एकेक करून भिंगातून पाहू लागली. कुणी धक्काबुक्की केली नाही. एक मुलगा म्हणाला, "हाय की बे खरंच!" आणि त्याच्या मागच्याने विचारलं, "बोट घातलं तर खाईल का?"

ती मुलगी शेवटी आली. एका पानावर पेढ्याच्या खोक्यावरचं चिलट अडकलं होतं आणि अर्धे केस त्यावर वाकले होते. ती भिंगातून बराच वेळ पाहत राहिली.

"मॅडम, हे लई सावकाश जेवतंय."

"हो. त्याला दिवस दिवस लागतात."

"आमच्यात एवढा टाइम नसतोय. फडावर भाकरी हातात घिऊनच चालायचं." मग ती पुन्हा वाकली. "थेंब केसाच्या टोकावर हायेत. तक्त्यात न्हाईत."

"तक्ता चुकलाय."

"आन् तुमी?"

"मीही. आजपर्यंत."

मुलीने मान डोलावली. वही काढली आणि खिडकीशी उभी राहून चित्र काढायला लागली. केस सरळ नव्हते. वाकलेले होते, चिलटाकडे, कमीजास्त, प्रत्येकाच्या टोकाला थेंब. हिने तिच्या मागून पाहिलं. काही सुचवलं नाही, काही दुरुस्त केलं नाही. त्या वेळी मी दारात उभा होतो. शाल आणि श्रीफळ माझ्या हातात होतं आणि मला ते कुठे ठेवावं कळत नव्हतं. हिचा सत्कार आत्ता चालू आहे, एवढं मात्र मला कळलं.

दिवाळीनंतर वर्ग निम्मा झाला आणि ही निवृत्त झाली. मुलगी त्या वर्षी आजीपाशी राहिली. रोपांना पांढरी फुलं आली, बोंडं आली, आणि उन्हं तापायच्या आत ती वाळली. तेवढंच त्यांचं आयुष्य असतं. बी हिने पुडीत बांधलं. निम्मं अंड्यांच्या कप्प्यात ठेवलं आणि निम्मं भावाला दिलं. त्यांनी पाटोद्याला शेडखाली कुंडी केली आहे, आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे: 'माती टाकू नये.'

वार्षिक परीक्षेत आठवीला एक प्रश्न होता: कोणत्याही एका कीटकभक्षी वनस्पतीची सुबक नामनिर्देशित आकृती काढा. त्या मुलीने दवबिंदू काढला. निकालानंतर ती पेपर घेऊन, एसटीने, अंबाजोगाईला आमच्या घरी आली आणि हिच्या हातात दिला. केस वाकलेले होते, थेंब जागच्या जागी होते, एका पानावर चिलट होतं. नव्या शिक्षकांनी अर्धा गुण कापला होता. शेजारी लाल शाईत शेरा होता: आकृती तक्त्याप्रमाणे नाही.